औंधच्या राजेसाहेबांचा व्यायामधडा

बेळगावची टिळकवाडी मागे टाकून खानापूर रस्त्याला लागले की उद्यमबाग येते. ओतशाळा, लेथ, सुट्या भागांचे कारखाने यांची ही वसाहत. येथला कामगार पाळीभर यंत्रापुढे उभा असतो, आणि कचेरीतला हिशेबनीस तितकाच वेळ खुर्चीत वाकलेला असतो. एकाचे उभे राहून आणि दुसऱ्याचे बसून, पण दुखणे दोघांचेही तेच : पाठ आणि कंबर. डॉक्टर व्यायाम करा म्हणून सांगतात, आणि हल्ली त्यात ‘पिलाटेस’ या परदेशी व्यायामाचे नावही ऐकू येते. पण ज्याने कधी हातपाय हलविले नाहीत, त्याने सुरुवात कोठून आणि किती करावी, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर एका लहानशा संस्थानच्या अधिपतीने उभे आयुष्य खर्चून शोधले होते. ते औंधचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बेळगावच्या उद्योगाशीही या राजांचे नाव जडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला तो बेळगावात. लोखंडी नांगर घडविले तेही तेथेच. पुढे नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि बिऱ्हाड हलविण्याची पाळी आली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या हद्दीतला कुंडलजवळचा माळ त्यांना दिला. 1910 मध्ये त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. माणसाने स्वतःच्या बळावर उभे राहावे याची राजेसाहेबांना मनापासून आवड होती. ती आवड कारखान्यापुरती मात्र नव्हती.

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले आणि वडिलांच्या हाताखाली कारभार शिकले. 1909 मध्ये गादी त्यांच्याकडे आली. संस्थान म्हणजे विखुरलेली बहात्तर खेडी, उत्पन्न बेताचे. चित्रकला, कीर्तन आणि शिल्प यांचा त्यांना नाद होता. परंतु या सगळ्यांच्या आधी, रोज सकाळी, त्यांचा व्यायाम असे.

हा व्यायाम आरंभी आपल्याकडचा नव्हता. त्या काळी युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पिळदार देहाची कीर्ती जगभर पसरली होती. सुशिक्षित तरुणांना त्याच्या पुस्तकांनी वेड लावले होते. 1897 च्या सुमारास बाळासाहेबांनीही सँडोची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नियमाने मेहनत केली. वयाच्या चाळिशीत, 1908 मध्ये, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग अखेरपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. दहा वर्षांची सवय मोडून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहणे या वयात सोपे नसते. राजेसाहेब स्वतः एकदा नव्हे, दोनदा नवशिके झाले होते. म्हणून नवशिक्याची अडचण त्यांना ठाऊक होती.

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढला नाही. तो घरोघर उपासनेचा भाग म्हणून चालतच होता. राजेसाहेबांनी त्याला शिस्त लावली. नमस्काराच्या दहा अवस्था त्यांनी ठरविल्या : हात जोडून ताठ उभे राहणे, ओणवून तळहात जमिनीस टेकणे, एक पाय मागे, मग दुसरा, साष्टांग, छाती वर उचलणे, कंबर उंच करणे, आणि त्याच क्रमाने परत उभे होणे. प्रत्येक अवस्थेला श्वासाची जोड दिली. मंत्रोच्चाराने श्वास आणि गती एका मापात राहतात यावर त्यांचा भर होता. याला तालीम नको, लाल माती नको, जोडीदार नको. अंथरुणाएवढी जागा पुरे. आपल्या करवीरात तालमींची थोर परंपरा आहे. पण आखाड्यात उतरणारे थोडे, आणि ज्यांना नुसते निरोगी राहायचे आहे असे बहुत. या बहुतांसाठी राजेसाहेबांचा खटाटोप होता. स्त्रियांनाही त्यांनी यातून वगळले नाही. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत.

संस्थानातील शाळांतून त्यांनी मुलामुलींना नमस्कार सक्तीचे केले. 1928 मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती 1938 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली. तिच्या नावात ‘दहा’ हा आकडा आला तो या दहा अवस्थांवरून. सक्तीबद्दल मतभेद असू शकतो. व्यायाम हुकमाने अंगवळणी पडतो की केवळ शाळा सुटेपर्यंत टिकतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पण राजेसाहेब जे प्रजेला सांगत ते आधी स्वतः करीत, हे निर्विवाद.

याच सुमारास साता समुद्रांपलीकडे जोसेफ पिलाटेस नावाचा एक जर्मन त्याच वाटेने चालला होता. 1883 मध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी रोगट होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या नजरकैदेत असताना त्याने आपली पद्धत पक्की केली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये तिची शाळा काढली. तो 1967 मध्ये वारला. या दोघांची गाठ पडल्याचे दिसत नाही. तरी त्यांच्या शिकवणुकीत साम्य आहे. संख्येपेक्षा शुद्धता मोठी. श्वास रोखून धरू नये. पोटाचे व पाठीच्या कण्याभोवतीचे स्नायू बळकट झाले की हातपायांची शक्ती आपोआप मार्गी लागते. आणि नुसत्या शरीराला राबवून भागत नाही, तेथे मनही हजर पाहिजे.

म्हणून नमस्कार असो वा पिलाटेस, नवशिक्याने घाई करू नये. पहिल्या आठवड्यात पाच-सहा नमस्कार पुरेत. ते सावकाश, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली घालावेत. ओणवताना हात जमिनीला पोचत नसतील तर गुडघे किंचित वाकवावेत. जबरदस्तीने पाठ ओढू नये. पोट भरलेले नसावे. स्नायू थोडे भरून येणे स्वाभाविक आहे. पण सांध्यात कळ आली, चक्कर आली, किंवा पाठीची कळ पायात उतरली, तर थांबावे. रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ, मणक्याचे दुखणे असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. राजेसाहेबांचा आपल्या व्यायामावरचा विश्वास इतका गाढ होता की बहुतेक साऱ्या व्याधींवर त्यांना तोच उपाय वाटे. आजचे वैद्यक इतके मान्य करीत नाही. व्यायाम औषधाला साह्य करतो, त्याची जागा घेत नाही. एवढी दुरुस्ती करून त्यांचा बाकीचा धडा घ्यावा.

या धड्याचा शेवट फार थोर आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला या लहान संस्थानिकाने एक लाख रुपये देऊ केले. औंधच्या डोंगरावर चित्रशिल्पांचे संग्रहालय बांधले. पण सर्वांवर कडी म्हणजे 1939 मध्ये, गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली, चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने, त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. गावोगावच्या पंचायतींकडे सत्ता गेली. जो राजा रोज सकाळी आपल्या देहावर स्वतःचा अंमल बसवीत होता, त्याला प्रजेवरचा अंमल सोडणे जड गेले नाही. स्वराज्याचा आरंभ स्वतःपासून, हे त्याने बोलून नव्हे, करून दाखविले.

1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. 13 एप्रिल 1951 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, राजेसाहेब निवर्तले. पुढे अप्पासाहेबांनी सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहून वडिलांचे काम चालू ठेवले.

पाळी संपवून घरी परतणाऱ्या उद्यमबागेतल्या कामगाराला किंवा खुर्चीतून उठणाऱ्या हिशेबनिसाला यातून घेण्याजोगे एवढेच : महाग साधनांची वाट पाहू नये, पहिल्या दिवशी पराक्रम करू नये, आणि दुसऱ्या दिवशी चुकवू नये. पंचवीस नमस्कार एक दिवस घालून आठवडाभर अंग धरून बसण्यापेक्षा रोजचे पाच बरे. ते पाच अंगात मुरले की सहावा आपण होऊन येतो.