बालवीर चळवळीचे जनक : लॉर्ड बेडन पॉवेल

विद्यार्थी मित्रांनो, गळ्यात रंगीत स्कार्फ, कमरेला पट्टा आणि हातात काठी घेतलेली मुले तुम्ही नक्कीच पाहिली असतील. यात्रेत किंवा उरुसात ती गर्दीला वाट दाखवतात. हरवलेल्या लहान मुलाला त्याच्या आईपर्यंत पोहोचवतात. एकमेकांना भेटली, की ती डाव्या हाताने हस्तांदोलन करतात आणि उजव्या हाताची तीन बोटे उभी धरून सलामी देतात. या मुलांना स्काऊट किंवा बालवीर म्हणतात. मुलींना गाईड किंवा वीरबाला म्हणतात. आज जगातील बहुतेक देशांत बालवीरांची पथके आहेत. ही चळवळ सुरू करणाऱ्या माणसाची ओळख आज आपण करून घेऊ.

त्यांचे नाव रॉबर्ट बेडन पॉवेल. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन शहरात झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच वडिलांचे निधन झाले. घरात मुले पुष्कळ. आईने धीर सोडला नाही. तिने सर्व मुलांना शिकवले आणि त्यांना आपली कामे आपणच करायची सवय लावली. सुट्टीत ही भावंडे होडी घेऊन समुद्रावर जात, उघड्यावर मुक्काम करत आणि स्वतः स्वयंपाक करत.

रॉबर्ट चार्टरहाउस नावाच्या शाळेत शिकत होता. अभ्यासात तो फार पुढे नव्हता. पण चित्रे छान काढायचा, तीही दोन्ही हातांनी. नाटकात काम करायचा. शाळेजवळ एक झाडी होती. तिथे जायला मुलांना मनाई होती. रॉबर्ट मात्र हळूच तिथे जाई, पक्ष्यांचे आणि प्राण्यांचे निरीक्षण करी. कधी ससा पकडून तो भाजून खाई. धूर दिसला तर शिक्षकांना पत्ता लागेल, म्हणून धूर न होऊ देता विस्तव कसा पेटवावा, हेही तो तिथेच शिकला. मित्रांनो, शाळेचा नियम मोडणे काही चांगले नाही. पण त्या झाडीत मिळालेले शिक्षण त्याला जन्मभर उपयोगी पडले, हेही खरे.

शाळा संपल्यावर रॉबर्टने सैन्याची परीक्षा दिली आणि तो वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. १८७६ च्या अखेरीस एकोणीस वर्षांचा हा तरुण अधिकारी जहाजाने मुंबईला उतरला आणि तेथून लखनौच्या छावणीत दाखल झाला. त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. पुढे भारतात आणि आफ्रिकेत त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली.

सैन्यात त्यांनी एक वेगळी गोष्ट सुरू केली. शत्रूची खबर काढणाऱ्या सैनिकाला इंग्रजीत स्काऊट म्हणतात. अशा सैनिकाला एकट्याने जावे लागते. त्याला पावलांचे ठसे वाचता आले पाहिजेत, ताऱ्यांवरून दिशा ओळखता आली पाहिजे आणि संकटात स्वतःच निर्णय घेता आला पाहिजे. नुसता हुकूम पाळणारा सैनिक इथे कामाचा नाही. म्हणून बेडन पॉवेल यांनी सैनिकांच्या लहान लहान तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला एक नायक दिला. जो चांगला तयार होई त्याला ते एक बिल्ला देत. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारे जे टोकदार चिन्ह असते, तसा त्या बिल्ल्याचा आकार होता. हेच चिन्ह पुढे बालवीरांचे झाले. या शिक्षणावर त्यांनी सैनिकांसाठी एक छोटे पुस्तकही लिहिले. ते १८९९ मध्ये छापले गेले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर लोक यांच्यात युद्ध पेटले. बोअर सैन्याने मॅफेकिंग या गावाला वेढा घातला. उर्दूत आपण याला मुहासरा म्हणतो. गावाचे रक्षण बेडन पॉवेल यांच्याकडे होते. शत्रू पुष्कळ आणि आपले सैनिक थोडे! मग त्यांनी युक्ती केली. गावाभोवती खोटे सुरुंग पुरले. काटेरी तार नसतानाही सैनिकांना तार ओलांडल्यासारखे पाय उचलून चालायला लावले. दुरून पाहणाऱ्या शत्रूला वाटे, की गावाचा बंदोबस्त फारच पक्का आहे. हा वेढा २१७ दिवस चालला आणि १७ मे १९०० रोजी उठला.

या वेढ्यात गावातील मुलांचे एक पथक तयार करण्यात आले होते. मोठी माणसे लढाईत गुंतलेली असत. म्हणून ही मुले निरोप पोहोचवत, पहारा देत, इस्पितळात मदत करत. गोळीबार चालू असतानाही ती सायकलवरून निरोप घेऊन जात. मुलांवर विश्वास टाकला, तर ती मोठ्यांइतकीच जबाबदारीने वागतात, ही गोष्ट बेडन पॉवेल यांच्या मनात पक्की बसली.

या वेढ्याची दुसरी बाजूही तुम्हांला माहीत असावी. गावाच्या रक्षणात तेथील आफ्रिकी लोकांचाही मोठा वाटा होता. पण अन्न कमी पडू लागले, तेव्हा त्यांच्या वाट्याला गोऱ्या लोकांपेक्षा कमी अन्न आले. अनेकांना भयंकर उपासमार सोसावी लागली. इंग्लंडमध्ये बेडन पॉवेल यांचा जयजयकार झाला. त्या उपाशी माणसांची नावे मात्र कोणी विचारली नाहीत. थोर माणसाचे चरित्र वाचताना अशा गोष्टीही डोळे उघडे ठेवून वाचल्या पाहिजेत.

मायदेशी परतल्यावर त्यांना एक आश्चर्य दिसले. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक शाळेतली मुले आणि शिक्षकही वाचत होते. १९०४ मध्ये ग्लासगो शहरात त्यांनी विल्यम स्मिथ यांच्या मुलांच्या संघटनेचा मेळावा पाहिला. हजारो मुले शिस्तीत संचलन करत होती. मुलांसाठी पुस्तक नव्याने लिहावे, असा विचार पुढे आला. बेडन पॉवेल यांनी ठरवले, की त्यात युद्ध नको; निरीक्षण, निसर्ग, स्वावलंबन आणि सेवा हवी. पण आपले विचार मुलांना आवडतील का? हे कागदावर कळणार नव्हते. म्हणून आधी त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला.

१ ऑगस्ट १९०७ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर हे पहिले शिबिर सुरू झाले. शिबिरात वीसएक मुले होती. त्यांतली काही बड्या घरांतली, मोठी फी भरून शिकणारी होती. तर काही कामगारांची मुले होती. त्या काळात इंग्लंडमध्ये अशी मुले एकत्र खेळतसुद्धा नसत. इथे मात्र ती एकाच तंबूत झोपणार होती आणि एकाच भांड्यातले जेवणार होती. शिबिराची फीसुद्धा सर्वांना सारखी नव्हती. श्रीमंत मुलांकडून जास्त आणि गरीब मुलांकडून कमी पैसे घेतले होते.

मुलांचे चार संघ केले. लांडगा, बैल, डोमकावळा आणि करल्यू नावाचा लांब चोचीचा पाणपक्षी अशी त्यांची नावे होती. प्रत्येक संघाचा रंग वेगळा. मुले आपल्या रंगाच्या लोकरीची फीत खांद्यावर लावत. प्रत्येक संघाला एक मुलगाच नायक होता. आपल्या संघाची सगळी जबाबदारी त्याच्यावर असे.

पहाटे सहा वाजता बेडन पॉवेल स्वतः आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे लांब शिंग फुंकत. मुले उठत, दूध आणि बिस्किटे घेत. मग व्यायाम, प्रार्थना आणि न्याहारी. त्यानंतर दिवसाचा धडा सुरू होई. एके दिवशी गाठी मारणे आणि झोपडी बांधणे. दुसऱ्या दिवशी ठसे ओळखणे. कधी प्राण्यांचे निरीक्षण, तर कधी बुडणाऱ्याला किंवा आगीत सापडलेल्याला कसे वाचवावे याचा सराव. आधी थोडे सांगायचे, मग करून दाखवायचे आणि शेवटी तेच खेळातून मुलांकडून करून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. दुपारी जेवणानंतर तासभर सर्वांना विश्रांती घ्यावीच लागे.

रात्री शेकोटीभोवती बसून बेडन पॉवेल आपल्या प्रवासातल्या गोष्टी सांगत. रोज रात्री एक संघ मुख्य छावणीपासून दूर मुक्कामाला जाई. पीठ, मांस, भाजी, चहा आणि काड्यापेटी एवढेच सामान त्यांना मिळे. विस्तव पेटवायचा त्यांनी, जेवण शिजवायचे त्यांनी आणि पहाराही द्यायचा त्यांनीच! अकराच्या आत बेडन पॉवेल आणि इतर संघांचे नायक अंधारातून गुपचूप तिथपर्यंत येत. पहारेकरी जागा आहे की नाही, हे ते पाहत.

शिबिरात कोणी बेशिस्त वागलाच, तर त्याचा विचार करण्यासाठी मुलांचेच एक न्यायमंडळ ठरवले होते. पण आठ दिवसांत ते बसवण्याची वेळ एकदाही आली नाही. तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे, असे मुलांना सांगितले होते. आणि मुलांनी तो विश्वास राखला. प्रयोग यशस्वी झाला.

जानेवारी १९०८ पासून बेडन पॉवेल यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे सहा भागांत निघाले. किंमत थोडी होती, त्यामुळे गरीब मुलेही ते विकत घेऊ शकली. आणि मग एक नवलच घडले! पुस्तक वाचून मुलांनी आपापल्या गल्लीत, आपापल्या गावात स्वतःच संघ बनवले आणि मग शिकवायला मोठ्या माणसाचा शोध सुरू केला. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी कार्यालय उघडले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरे शिबिर भरले. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे मेळावा झाला, तेव्हा सुमारे ११००० बालवीर जमले. त्यात काही मुलीही आपला गणवेश करून आल्या होत्या. आम्हांला का वगळता, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या या धिटाईमुळेच १९१० मध्ये मुलींसाठी गाईड चळवळ सुरू झाली. बेडन पॉवेल यांच्या बहीण ॲग्नेस यांनी तिची धुरा घेतली. पुढे त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांनी हे काम जगभर वाढवले. त्याच वर्षी बेडन पॉवेल यांनी सैन्याची नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य मुलांना दिले. १९२० मध्ये लंडनला बालवीरांचा पहिला जागतिक मेळावा भरला. त्यात सर्व देशांच्या मुलांनी त्यांना आपले प्रमुख म्हणून निवडले.

आता आपल्या देशाकडे पाहू. १९०९ मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले; पण त्यात भारतीय मुलांना प्रवेश नव्हता! या मुलांना संघटना आणि शिस्त शिकवली, तर ती उद्या आपल्याच राज्याविरुद्ध उभी राहतील, अशी शंका इंग्रज अधिकाऱ्यांना वाटे. चळवळ सर्वांना भाऊ माने आणि या देशातल्या मुलांना मात्र दाराबाहेर ठेवी. आपल्या लोकांनी मग हात जोडून वाट पाहिली नाही. श्रीराम वाजपेयी यांनी शहाजहानपूरला आपले पथक काढले. ॲनी बेझंट यांनी मद्रासला संघटना उभारली. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला सेवा समितीचे बालवीर तयार केले. नागपूरचे विवियन बोस यांनीही भारतीय मुलांसाठी हे काम केले. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले. भारतीय मुलांचे काम त्यांनी पाहिले. त्यानंतर अनेक संघटना एकत्र आल्या आणि भारतीय मुलांसाठी मुख्य संघटनेचे दार उघडले. तरी सर्व मतभेद मिटले नाहीत. १९३७ मध्ये भारतीयांच्या स्वभावाविषयी बेडन पॉवेल यांनी केलेले बोलणे लोकांना लागले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट ही वेगळी संघटना निघाली. देश स्वतंत्र झाल्यावर पंडित नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी या संघटना एक व्हाव्यात म्हणून प्रयत्न केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संघटना स्थापन झाली. ज्या दारातून आपल्या मुलांना परत पाठवले होते, ते घरच आता आपले झाले.

बेडन पॉवेल यांचे अखेरचे दिवस आफ्रिकेत केनिया देशातील न्येरी या गावी गेले. ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक ठिपका कोरला आहे. बालवीरांच्या खुणांच्या भाषेत त्याचा अर्थ आहे, की मी घरी गेलो आहे.

मुलांनो, आजही शाळेतल्या पथकाचे वर्ष ब्राउनसीच्या त्या आठ दिवसांसारखेच असते. मुले गाठी आणि प्रथमोपचार शिकतात. खऱ्या कमाईच्या उपक्रमात लोकांची छोटी कामे करून कष्टाचे पैसे मिळवतात. तंबू ठोकून शिबिर करतात आणि २२ फेब्रुवारीला चिंतन दिन पाळतात. बेडन पॉवेल यांच्या विचारांत उणिवाही होत्या, त्या आपण पाहिल्या. पण मुलांवर विश्वास टाकावा, श्रीमंत-गरीब मुलांना एका शेकोटीभोवती बसवावे आणि रोज एक तरी चांगले काम करायला शिकवावे, ही त्यांची शिकवण खरी होती. तुमच्या शाळेत पथक असेल, तर त्यात जरूर सामील व्हा. पथक नसेल, तर १९०८ मधल्या त्या मुलांची आठवण ठेवा. त्यांनी आधी संघ बनवला आणि मग गुरुजी शोधले!

शब्दार्थ
वेढा – मुहासरा
पथक – दस्ता
शेकोटी – अलाव
स्वावलंबन – आपली कामे आपणच करणे, खुदकफालत
निरीक्षण – लक्ष देऊन पाहणे, मुशाहदा
धुरा घेणे – जबाबदारी स्वीकारणे

स्वाध्याय
१. मॅफेकिंगच्या वेढ्यातील मुलांनी कोणती कामे केली?
२. ब्राउनसीच्या शिबिरात श्रीमंत आणि गरीब मुलांना एकत्र का ठेवले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
३. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता, तेव्हा आपल्या लोकांनी काय केले?
४. या आठवड्यात तुम्ही दुसऱ्यासाठी केलेल्या एका कामाविषयी पाच वाक्ये लिहा.