जाधवरावांचे घोडे

बँकेत माझे आयुष्य आकडे मोजण्यात गेले. त्यामुळे सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीपुढे उभा राहिलो की हिशेबच सुचतो. प्राचीन चीनमध्ये राज्याचे बळ रथांवर मोजत. आपल्या दख्खनेत सरदाराचे वजन घोड्यांवर ठरे. लखुजीरावांच्या पदरी मोठे घोडदळ होते. म्हणून निजामशहाला ते हवे होते, मोगलांनाही हवे होते. ते एकदा मोगलांकडे गेले, पुन्हा परतले. भरवसा मात्र उडाला होता. १६२९ च्या जुलैत दौलताबादच्या दरबारात मुलांनातवासह त्यांना दग्याने मारले. दरबारात घोडदळ काय कामाचे? लेक जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर शिवराय जन्मले. आजोबांची तलवार परक्या तख्तासाठी झिजली. नातवाने स्वतःचे तख्त उभारले.