ज्ञानतपस्वी डॉ. मेघनाद साहा

ढाक्याजवळील एका खेड्यात १८९३ साली एका गरीब किराणा दुकानदाराच्या घरी मेघनाद साहा जन्मले. शिष्यवृत्तीच्या बळावर ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पोहोचले. परंतु तेथील वसतिगृहात काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी जातीवरून त्यांच्यासमवेत भोजन करण्यास नकार दिला. या अवमानानेही त्यांची ज्ञानसाधना खंडित झाली नाही.

१९१६ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात पदव्युत्तर अध्यापनासाठी साहा व सत्येंद्रनाथ बोस या तरुणांना नेमले. प्रथम गणित व पुढे पदार्थविज्ञान हे त्यांचे विषय झाले. नव्या पदार्थविज्ञानावरील इंग्रजी ग्रंथ तेव्हा दुर्मीळ होते. म्हणून जर्मन शोधनिबंध स्वतः अभ्यासून ते विद्यार्थ्यांना शिकवीत. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा या दोघांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२० साली विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी साहांचे आयनीभवनाचे समीकरण जगापुढे आले. उष्मागतिकीच्या अध्यापनातून त्याची वाट सापडली होती. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान जाणण्याचा मार्ग त्याने खुला केला. १९५६ साली साहांचे निधन झाले.

आमच्या वसतिगृहात सर्व मुले एकाच पंक्तीत जेवतात व एकत्र अभ्यासास बसतात. त्यांच्यापुढे आम्ही हे चरित्र आदरपूर्वक ठेवीत आहोत.