टाउनसेंड क्रॉमवेल आणि उलटा प्रवाह

भूगोलाच्या नकाशात पॅसिफिक महासागरावर विषुववृत्ताशी काढलेले बाण पश्चिमेकडे तोंड करून असतात. व्यापारी वारे तेथे पूर्वेकडून वाहतात आणि पृष्ठभागाचे पाणी पश्चिमेस लोटीत नेतात. नकाशा खोटा नाही. परंतु तो केवळ वरच्या थराचा आहे. त्या थराखाली, सुमारे शंभर मीटर खोलीवर, पाणी नेमके उलट दिशेने आणि कितीतरी अधिक वेगाने धावत असते. पॅसिफिकमधील ही गोष्ट १९५२ मध्ये ज्यांनी मोजून दाखविली, ते अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ म्हणजे टाउनसेंड क्रॉमवेल.

क्रॉमवेल यांचा जन्म १९२२ चा. होनोलुलू येथे अमेरिकन सरकारच्या मत्स्यसंशोधन विभागात ते काम करीत. काम तसे व्यवहाराचेच होते. ट्यूना, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील कोळी ज्याला कुपा म्हणतात तो मासा, मध्य पॅसिफिकमध्ये कोठे व का सापडतो, याचा शोध घ्यावयाचा होता. त्यासाठी जागोजाग गळ लावलेली लांबच लांब दोरी खोल पाण्यात सोडून ठेवीत. विषुववृत्तावर मात्र एक चमत्कारिक प्रकार दिसे. वरचे पाणी पश्चिमेस जात असता खोल सोडलेली दोरी पूर्वेकडे ओढली जाई. एखाद्या कोळ्याने दोरी गुंतली म्हणून कपाळाला हात लावला असता. क्रॉमवेल यांनी मात्र त्या उलट्या ओढीचाच पाठपुरावा केला. पाण्याची ओढ पकडणारी पसरट साधने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या खोलींवर टांगली, वर तरंगत्या खुणा बांधल्या आणि त्या खुणा कोठे जातात हे टिपून ठेवले. उथळ साधने पश्चिमेस गेली, खोल साधने पूर्वेस. १९५४ मध्ये हा वृत्तांत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अटलांटिक महासागरात असाच खालचा प्रवाह बुकॅनन यांना १८८६ मध्येच आढळला होता. पण त्यांचा शोध पुढे विस्मृतीत गेला. शास्त्रातही असे घडते.

आता हा प्रवाह उलटा का वाहतो? वाऱ्याने लोटलेले पाणी पश्चिमेकडे साचते आणि तेथील समुद्रसपाटी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच होते. एवढ्या अफाट सागरात अर्ध्या मीटरचा उतार म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण पाण्याला तेवढा पुरतो. पृष्ठभागी वाऱ्याचा रेटा त्याला थोपवून धरतो. खाली हा रेटा पोहोचत नाही, म्हणून तेथील पाणी दाबाच्या जोराने पूर्वेकडे निघते. इतरत्र पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहते पाणी एका बाजूस वळते, पण ऐन विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो, त्यामुळे तेथे प्रवाह सरळ उताराने जातो. शिवाय तो थोडा उत्तरेस सरकला तर उजवीकडे, म्हणजे दक्षिणेस वळतो. दक्षिणेस सरकला तर डावीकडे, म्हणजे उत्तरेस वळतो. दोन्ही बाजूंनी तो विषुववृत्तावरच परत आणला जातो. म्हणूनच दोनशे मीटर जाडीची आणि तीन-चारशे किलोमीटर रुंदीची ही धार हजारो किलोमीटर न विस्कटता जाते. तिचा वेग मध्यावर सेकंदाला एक मीटरहून अधिक असतो. पूर्वेकडे ती वर येत जाते आणि गॅलापागोस बेटांच्या पश्चिम किनाऱ्याशी तिचे गार, सत्त्वयुक्त पाणी पृष्ठभागी येते. विषुववृत्तावर पेंग्विन कसे जगतात, या कोड्याचे बरेचसे उत्तर या पाण्यात आहे. पुढे १९८२ च्या उत्तरार्धात एल निनोमुळे व्यापारी वारे मंदावले, तेव्हा मध्य पॅसिफिकमधील हा प्रवाह काही महिने नाहीसाच झाला. वारा, उतार व प्रवाह यांचे नाते याहून स्पष्ट कसे व्हावे!

हे पाहण्यास क्रॉमवेल नव्हते. होनोलुलू सोडून ते कॅलिफोर्नियात ट्यूना-संशोधनाच्याच आंतरराष्ट्रीय आयोगात गेले होते. २ जून १९५८ रोजी एका सागरी मोहिमेत सामील होण्यासाठी ते मेक्सिकोतून विमानाने जात असता ग्वादालाहाराजवळ विमान डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ४५ माणसे मृत्यू पावली. क्रॉमवेल यांचे सहप्रवासी, मत्स्यशास्त्रज्ञ बेल शिमाडा, हेही त्यांत होते. क्रॉमवेल यांचे वय अवघे ३५ वर्षांचे होते.

त्याच वर्षी जॉन नाऊस यांच्या मोहिमेने हा प्रवाह गॅलापागोसपर्यंत मोजला आणि तो सेकंदाला कोट्यवधी घनमीटर पाणी वाहून नेतो असे दिसून आले. ज्याने त्याची पहिली खूण ओळखली त्याला हे आकडे वाचावयास मिळाले नाहीत. सहकाऱ्यांनी प्रवाहाला क्रॉमवेल प्रवाह असे नाव दिले. १९६३ मध्ये होनोलुलूच्या मत्स्यसंशोधनासाठी नवे जहाज आले, त्यालाही ‘टाउनसेंड क्रॉमवेल’ हेच नाव मिळाले, आणि २००२ पर्यंत ते पॅसिफिकच्या पाण्यावर फिरत राहिले.