समुद्राची आई

सुशी हा जपानी पदार्थ टीव्हीवर तरी पाहिलाच असेल. भाताभोवती गुंडाळलेला तो काळा 'कागद' म्हणजे नोरी, एक समुद्री शेवाळ. आज तिची शेती भरवशाने होते, याचं मोठं श्रेय एका इंग्लिश बाईंना जातं. आणि गंमत म्हणजे त्या जपानला कधी गेल्याच नाहीत!

कॅथलीन ड्रू यांचा जन्म १९०१ चा, लँकेशायरमधल्या ली गावचा. १९२२ साली मँचेस्टर विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात फर्स्ट क्लास मिळवून त्या पुढे तिथेच शिकवू लागल्या. १९२८ मध्ये हेन्री राइट-बेकर यांच्याशी लग्न केलं आणि नोकरी गेली. कारण काय, तर लग्न झालेली बाई लेक्चरर म्हणून चालत नाही! (नवऱ्याची नोकरी मात्र शाबूत.) बाईंनी लॅब सोडली नाही. दोन मुलं सांभाळत बराच काळ बिनपगारी संशोधन केलं. नवरा मेकॅनिकलवाला, त्याने त्यांना भरती-ओहोटीची नक्कल करणारी टाकी बनवून दिली. आपल्या ब्रँचचा असा उपयोग वाचून बरं वाटलं.

तिकडे जपानी कोळी उथळ समुद्रात बांबू रोवून, जाळी बांधून नोरीची वाट बघायचे. उन्हाळ्यात ती गायब व्हायची, कुठे जाते कुणालाच ठाऊक नव्हतं. बी नाही, तर पेरणार काय? सगळा जुगारच. महायुद्धानंतर पीक पार बसलं, गावंच्या गावं अडचणीत आली.

कॅथलीनबाई वेल्सच्या किनाऱ्यावर खाल्ल्या जाणाऱ्या, नोरीच्याच जातभाई शेवाळाचा अभ्यास करत होत्या. त्यांनी दाखवलं की त्याचे बीजाणू शिंपल्यात शिरतात आणि तिथे गुलाबी धाग्यांसारखे वाढतात. या धाग्यांना शास्त्रज्ञ तोपर्यंत वेगळीच वनस्पती समजत होते! १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. क्यूशू विद्यापीठाचे सोकिची सेगावा यांनी ते जपानी नोरीवर ताडून पाहिलं, तर तिचंही तसंच. मग काय, टाक्यांमध्ये कालवांच्या शिंपल्यांवर नोरीचं 'बी' तयार व्हायला लागलं आणि जाळी पेरून समुद्रात सोडता आली.

बाई १९५७ साली, पंचावन्नाव्या वर्षी गेल्या. १९६३ मध्ये नोरीवाल्यांनी कुमामोतोतल्या उतो इथे, आरिआके समुद्राकडे बघणारं त्यांचं स्मारक उभारलं. दर १४ एप्रिलला तिथे त्यांच्या नावाने उत्सव होतो.