स्वावलंबनाचे पुरस्कर्ते : सॅम्युअल स्माइल्स

यशाचा मार्ग दाखविणाऱ्या पुस्तकांनी आज दुकानांची फडताळे भरलेली दिसतात. या वाङ्मयप्रकाराला ज्या ग्रंथामुळे नाव मिळाले, तो ‘सेल्फ हेल्प’ १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते सॅम्युअल स्माइल्स.

स्कॉटलंडमधील हॅडिंग्टन या गावी २३ डिसेंबर १८१२ रोजी त्यांचा जन्म झाला. अकरा भावंडांचे कुटुंब आणि लहानसे दुकान. १८३२ मध्ये वडील पटकीला बळी पडले, तेव्हा सॅम्युअल एडिंबरो येथे वैद्यक शिकत होते. मातोश्रींनी दुकान सांभाळले, परंतु मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. पुढे वैद्यकीचा व्यवसाय गावात फारसा चालला नाही. १८३८ साली ते लोकरी कापडाच्या गिरण्यांचे शहर असलेल्या लीड्स येथे एका वृत्तपत्राचे संपादक झाले व नंतर अनेक वर्षे रेल्वे कंपन्यांचे चिटणीस होते. नोकरी सांभाळूनच त्यांनी लेखन केले.

‘सेल्फ हेल्प’चा उगम मोठा हृद्य आहे. लीड्समधील दोन-तीन गरीब तरुण कामगार हिवाळ्यातील रात्री एकत्र जमून, ज्याला जे येई ते इतरांना शिकवीत. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक जागा भाड्याने घेतली. ती पूर्वी पटकीच्या रुग्णांचे इस्पितळ होती, म्हणून कोणी घेत नसे! सुमारे शंभर जण जमू लागल्यावर त्यांनी स्माइल्स यांना व्याख्यानासाठी पाचारण केले. १८४५ मधील त्या व्याख्यानांतून हा ग्रंथ सिद्ध झाला. १८५५ साली एका प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठविले. रेल्वेचे जनक मानले जाणारे जॉर्ज स्टीफन्सन यांचे स्माइल्सकृत चरित्र गाजल्यानंतर मात्र जॉन मरे यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षीच वीस हजार प्रती खपल्या.

ग्रंथात उपदेशापेक्षा चरित्रे अधिक आहेत आणि कापडव्यवसायाशी संबंधितांनी ती अवश्य वाचावीत. सूतकताईच्या यंत्राचा आर्कराइट, नक्षीदार विणकामाच्या मागाचा जॅकार्ड, जाळीचे कापड विणणारे यंत्र सिद्ध करणारा हीथकोट यांच्या कथा त्यात आहेत. १८१६ साली दंगेखोरांनी हीथकोटचा कारखाना उद्ध्वस्त केला. नुकसानभरपाईचे दहा हजार पौंड त्याच परगण्यात गुंतविण्याची अट त्याला मान्य नव्हती. त्याने रक्कम नाकारली आणि दूर टिव्हर्टन येथे पुन्हा कारखाना उभारला.

स्वावलंबन म्हणजे स्वार्थ, असा आरोप स्माइल्स यांच्यावर पुष्कळांनी केला. केवळ शीर्षक वाचून केलेला हा आरोप आहे. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच खुलासा केला, की स्वतःस साहाय्य करण्यात शेजाऱ्याचे साहाय्यही अंतर्भूत आहे. पुरुषार्थ व अपरिग्रह यांची शिकवण एकाच वेळी ऐकणाऱ्या श्रावकाला यात विसंगती वाटणार नाही. टॉमस एडवर्ड या निर्धन चर्मकार निसर्ग-अभ्यासकाचे चरित्र त्यांनी १८७६ मध्ये लिहिले. त्या पुस्तकामुळे एडवर्डला राणी व्हिक्टोरियाकडून वार्षिक ५० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. धनवान झाला तोच यशस्वी, असे मानणाऱ्याने हे चरित्र लिहिले नसते.

१८७१ साली ‘सेल्फ हेल्प’चा जपानी अनुवाद झाला. नाकामुरा मासानाओ यांचा हा अनुवाद तेथे अफाट खपला. स्वयंचलित मागाचे संशोधक साकिची तोयोदा, ज्यांच्या घराण्याने पुढे टोयोटा मोटारींचा उद्योग उभारला, त्यांच्यावरही या ग्रंथाचा प्रभाव होता.

त्याच वर्षी, १८७१ मध्ये, स्माइल्स यांना पक्षाघात झाला. साठीच्या उंबरठ्यावरील या माणसाने लिहिण्याचा सराव नव्याने केला आणि १८७५ मध्ये काटकसरीवर, १८८० मध्ये कर्तव्यावर ग्रंथ लिहिले. १६ एप्रिल १९०४ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर वर्षभराने, १९०५ मध्ये, प्रकाशित झाले.