विल्मा रुडॉल्फ : सत्काराआधी घातलेली अट

विल्मा रुडॉल्फचा जन्म १९४० साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिलजवळ एका गरीब कृष्णवर्णीय घरात झाला. वडिलांच्या २२ मुलांमध्ये ती विसावी. लहानपणीच पोलिओने डावा पाय अधू झाला. गावात काळ्या लोकांसाठी उपचारांची नीट सोय नव्हती. म्हणून आई तिला बसने सुमारे ८० किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला न्यायची, तीही बसमधल्या मागच्या, काळ्यांसाठीच्या जागेवर बसून. घरी भावंडं आळीपाळीने तिचा पाय चोळायची. बारा वर्षांची होईपर्यंत कॅलिपर सुटला.

याच मुलीने १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये धावण्यात तीन सुवर्णपदकं जिंकली. क्लार्क्सव्हिलने सत्कार ठरवला, पण रिवाजाप्रमाणे गोरे वेगळे, काळे वेगळे. वीस वर्षांच्या विल्माने साफ सांगितलं की असा सत्कार तिला नको. शेवटी गावाला ऐकावं लागलं. मिरवणुकीत आणि मेजवानीत गोरे-काळे पहिल्यांदाच एकत्र आले.

पुढे १९६३ मध्ये, हॉटेलात काळ्यांना बसू देत नाहीत म्हणून गावात शांततेने निदर्शनं झाली, त्यांतही ती उतरली. १९९४ साली कर्करोगाने तिचं निधन झालं.

मुलांना तिची पदकं सांगाल, तेव्हा ती अटही जरूर सांगा.